गावाबाहेरची जागा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात ओळख पटवायला नावाचा फारसा उपयोग होत नाही. परेरा, लोपीस, डिमेलो, रॉड्रिग्ज अशी आडनावं मोजकीच, आणि एकेका आडनावाची घरं आळीभर पसरलेली. म्हणून गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल या गावांतली म्हातारी माणसं चेहऱ्यावरून घर ओळखतात. नाक, भुवया, चालण्याची ढब पाहून वाटेत थांबवतात आणि विचारतात, "अमक्याची नात ना गं तू?" आपण हो म्हटलं की त्यांना कोण आनंद होतो! लहानपणी मलाही हा प्रश्न सारखा विचारला जायचा. मग एका वर्षी तो बंद झाला. मला ओळखायला नाकाची नि भुवयांची गरज उरली नव्हती. 'ती कोड आलेली' एवढं पुरेसं होतं.

पहिल्या कम्युनियनच्या तयारीचं ते वर्ष. ओठाच्या कोपऱ्यात एक फिकट ठिपका उमटला. जंत झाले असतील म्हणून आईनं औषध पाजलं. ठिपका गेला तर नाहीच, उलट बोटांच्या पेरांवर, गुडघ्यांवर, डाव्या पापणीवर त्याची भावंडं आली. त्वचेच्या डॉक्टरांनी खोलीत काळोख केला आणि एक जांभळा दिवा माझ्या हातावर धरला. त्या उजेडात एकेक डाग निळसर पांढरा झळाळून उठला. मला ते छानच वाटलं. आईला दाखवावं म्हणून वर पाहिलं, तर ती दाराकडे बघत होती. हा महारोग नव्हे, शिवल्यानं होत नाही, त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते, शंभर-दोनशे माणसांमागे एखाद्याला हे असतंच, असं डॉक्टर शांतपणे सांगत होते. आई मान डोलवत होती. घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते माझ्यासाठी कोपरापर्यंतचे पांढरे हातमोजे शिवायला टाकले. वर्गातल्या बाकी मुलींचे हातमोजे मनगटापर्यंत होते. फोटोत मीच सगळ्यांत नटलेली दिसते.

आजीचा भरवसा डॉक्टरांपेक्षा मोतमाउलीवर. सप्टेंबरात आठ तारखेच्या सुमारास बांद्र्याच्या टेकडीवर या मरियामातेची जत्रा भरते. तिथं मेणाच्या वस्तू विकायला मांडलेल्या असतात: हात, पाय, डोळे, हृदय, घर, तान्हं बाळ. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, ते मेणात विकत घ्यायचं आणि माउलीपुढं ठेवायचं. आजी लाल लुगडं सावरत एका टोपलीपुढं बसली आणि तिनं एकेक वस्तू उलटसुलट करून पाहिली.

"कातडी आहे का?" तिनं विचारलं.

"काय?"

"कातडी. हिच्यासाठी."

विकणारीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या धंद्यात हा सवाल नवा असावा, पण उत्तर शोधायला तिला फार वेळ लागला नाही. "मग अख्खी बाहुली घ्या, आजी. त्यात सगळं आलं."

बाहुली वीतभर उंचीची होती. डोक्यापासून पायांपर्यंत पिवळट, एकाच रंगाची. ती हातात धरून टेकडी चढताना मला तिचा हेवा वाटत होता.

माउलीनं बाहुली ठेवून घेतली आणि डाग माझ्याकडेच राहू दिले. शाळेत मला मायकल म्हणू लागले. आपल्याला हाच आजार आहे असं मायकल जॅक्सननं १९९३ साली दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत सांगितलं होतं, पण आमच्या वर्गाला ते पटलेलं नव्हतं. त्यानं पैसे मोजून कातडी बदलून घेतली, असंच सगळ्यांचं मत. मग पैसे न मोजता मला हे कसं मिळालं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. घरी सकाळी बावचीचं तेल लावून मला केळीच्या वाडीत उन्हाला बसवायचे. तेल जास्त झालं किंवा ऊन चढलं की फोड यायचे. फोड बरे झाले की कधी डागाच्या मध्यात तपकिरी टिंबं उगवायची आणि घरात आनंद व्हायचा. पावसाळ्यानंतर ती टिंबं मावळायची. मोठ्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार असले की मला मावशीकडे पाठवत. कुणी मला तसं सांगत नसे. मावशीलाच अचानक माझी आठवण येई.

कॅथलिक समाज दुष्ट असतो असं मी म्हणणार नाही. आमच्या गावात कुणाच्या घरी मयत झाली तर तिकडे किती तरी दिवस चूल पेटवावी लागत नाही. जेवणाचे डबे येत राहतात. पण जिथं सगळे सगळ्यांना धरून असतात, तिथं वेगळं दिसणारं माणूस फार लवकर डोळ्यांत येतं. आणि असा समाज दर रविवारी, एकाच वेळी, एकाच छपराखाली जमतो. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत प्रत्येकाला सगळ्यांसमोरून चालत जावं लागतं. हात पुढं करावे लागतात. मी जीभ पुढं करायची.

मिस्सेत, म्हणजे या रविवारच्या उपासनेत, शांतीचं अभिवादन असतं. युरोपात त्या वेळी हातात हात देतात. आपल्याकडे हात जोडतात. १९६९ साली भारतीय उपासनेसाठी जे बारा बदल रोमनं मान्य केले, त्यांत ही प्रथाही आली. भारतीयपणाचं ते एक सुंदर पाऊल होतं यात शंका नाही. मला मात्र लहानपणी त्याचा एक वेगळाच फायदा दिसायचा: माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला माझा हात धरावा लागत नाही. तिचीही सुटका, माझीही. आम्ही दोघी एकमेकींना मनापासून शांती द्यायचो आणि मनापासून हायसं वाटून घ्यायचो.

लोक बघत, त्याचा त्रास होताच. त्याहून जास्त त्रास ते समजावत त्याचा होई. कुणी म्हणे, घरातल्या कुणाचं तरी पाप असेल. कुणी म्हणे, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याची परीक्षा घेतो. एक सिस्टर फार प्रेमानं म्हणायच्या की हा तुझा क्रूस आहे. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट करून विचारतात की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, कुणाचंच नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे ऐकून मी सुटकेचा श्वास टाकला होता. पण पुढच्याच वाक्यात तो म्हणतो की देवाची कामं याच्या ठायी दिसावीत म्हणून हे झालं. म्हणजे देवाला काहीतरी दाखवायचं आहे म्हणून माझ्या पापणीचा रंग गेला? आणि त्या आंधळ्याला तर लगेच दृष्टी आली. मला बावचीचं तेल.

शुभवर्तमानांबद्दल माझी खरी तक्रार हीच होती. येशूला भेटलेलं प्रत्येक आजारी माणूस बरं होतं. लंगडे चालतात, बहिरे ऐकतात, वाळलेला हात सरळ होतो. भेट झाली आणि माणूस होतं तसंच राहिलं, अशी एकही गोष्ट मला सापडत नव्हती. मग या पुस्तकात माझी जागा कुठली?

ही तक्रार घेऊन मी ऐन कॉलेजच्या वयात एका प्रार्थना शिबिरात गेले, म्हणजे नेली गेले. तिथं टाळ्या, गाणी, अश्रू, सगळं होतं. आजाऱ्यांना पुढं बोलावलं. माझ्या डोक्यावर अनेक हात ठेवले गेले, आणि प्रार्थना सांगणारा गृहस्थ माइकवर म्हणाला की कुणाच्या तरी त्वचेला या क्षणी स्पर्श होतो आहे. सगळ्या मांडवानं माझ्याकडे पाहिलं. मी हात वर करून पाहिले. डाग जिथल्या तिथं. खाली उतरताना एक स्वयंसेविका कुजबुजली, "विश्वास कमी पडला असेल, बाळा." आजार होता तो होताच, वर तो राहिल्याचा दोषही माझ्या खात्यावर जमा झाला. त्यानंतर किती तरी वर्षं मी नाताळ आणि घरच्यांचे बाप्तिस्मे सोडले तर चर्चची पायरी चढले नाही. नालासोपाऱ्याहून चर्चगेटची लोकल, ऑफिस, परतीची लोकल. लोकलच्या गर्दीत कुणाला कुणाच्या कातडीकडे बघायला सवड नसते, हा मुंबईचा मोठेपणा.

परत आले ती भक्तीनं नव्हे. आमच्या धर्मग्रामात मराठी वाचकांची वानवा होती. तरुण मुलं इंग्रजी शाळांतली, जोडाक्षर आलं की अडखळणारी. नव्या फादरांनी कुणाकडून तरी ऐकलं की माझं वाचन स्वच्छ आहे, आणि ते घरी आले. "वेदीजवळ उभं राहावं लागेल," एवढंच म्हणाले. मला आपल्या उच्चारांचा गर्व होता. मी हो म्हटलं.

वाचायचं म्हणून मी जुना करार नीट उघडला, आणि तिथं माझ्याविषयी बरंच काही लिहिलेलं निघालं. लेवीय ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात याजकानं कसं असू नये याची यादी आहे: आंधळा, लंगडा, हात किंवा पाय मोडलेला, पाठीला कुबड असलेला, डोळ्यांत दोष किंवा अंगावर खरूज असलेला. हे तीनेक हजार वर्षांपूर्वीचं, असं म्हणून सोडून देता येत नाही. कॅथलिक चर्चच्या १९१७ सालच्या कायदेसंहितेतही शारीरिक व्यंगामुळे ज्याला वेदीवरची सेवा नीट किंवा शोभेल अशी करता येणार नाही, त्याला धर्मगुरुपदाची वाट बंद होती. १९८३ च्या नव्या संहितेतून ते कलम गेलं. म्हणजे मी जन्मले त्या सुमारास. जेझुइट धर्मगुरू आयझॅक जोग्स यांची बोटं १६४० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कैदेत असताना छाटली आणि चावली गेली होती. त्या हातांनी मिस्सा अर्पण करता यावी म्हणून त्यांना पोप आठवे अर्बन यांची खास परवानगी लागली. ज्या जखमा श्रद्धेपायी झाल्या, त्यांनाही परवाना लागत होता.

फेब्रुवारी २०१५. वाचकांच्या यादीत पंधरा तारखेच्या रविवारी पहिल्या वाचनासमोर माझं नाव होतं. यादी करणाऱ्या काकांचा शुक्रवारी फोन आला. "त्या दिवशीचं वाचन बदलून देऊ का? म्हणजे... दुसऱ्या कुणाला?" मी उपासनेचं पंचांग काढून पाहिलं. लेवीय, अध्याय तेरा. अंगावर सूज, खवंद किंवा पांढरा डाग दिसला तर त्या माणसाला याजकाकडे न्यावं. दोष ठरला तर त्यानं कपडे फाडावेत, केस मोकळे सोडावेत, ओठ झाकून आपण अशुद्ध असल्याचं ओरडत फिरावं, आणि वस्तीबाहेर एकटं राहावं. दर तीन वर्षांनी हा उतारा सामान्य काळातल्या सहाव्या रविवारी येतो, पुढं राखेचा बुधवार लवकर आला नाही तर. "मीच वाचते," मी म्हटलं. काका खूप वेळ काही बोलले नाहीत.

मिस्सेत वाचायचा तुकडा लहान असतो. मी घरी पूर्ण अध्याय वाचला आणि मला चक्क हसू आलं. याजकानं तपासायच्या लक्षणांत एक कलम असं आहे की माणूस डोक्यापासून पायांपर्यंत पूर्ण पांढरा झाला तर त्याला शुद्ध ठरवावं. थोडा पांढरा असला तर अशुद्ध, सगळा पांढरा असला तर शुद्ध! पुढं कपड्यांवरच्या डागांनाही तेच नियम, चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतींनाही. म्हणजे हे वैद्यकशास्त्र नव्हेच. जे काही एकजिनसी नाही, त्याची माणसाला वाटणारी ही भीती आहे. मोतमाउलीची बाहुली लेवीयांच्या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास झाली असती.

रविवारी मी वाचनमंचावर गेले. माइक थोडा खाली ओढावा लागला. तो ओढणाऱ्या माझ्या बोटांकडे पहिल्या बाकावरची मुलं बघत होती. मी सुरुवात केली. पांढऱ्या डागाच्या ओळीवर आले तेव्हा चर्चमध्ये एरवी असतो तो खोकला, पंख्यांखालची कुजबुज, सगळं थांबलं. मी वाक्य तोडलं नाही, आवाज उतरवला नाही. त्या माणसाच्या आरोळीत अशुद्ध हा शब्द दोनदा येतो. दोन्ही वेळा त्यातलं जोडाक्षर स्पष्ट उच्चारलं. वाचन संपल्यावर लोकांनी नेहमीचा प्रतिसाद दिला, नेहमीपेक्षा जरा उशिरा. जागेवर येऊन बसले तेव्हा माझे गुडघे थरथरत होते, पण त्यात थोडी मजाही होती. इतकी वर्षं लोक माझ्याकडे बघत होते आणि मला काही म्हणता येत नव्हतं. त्या दिवशी ते बघत होते आणि मी बोलत होते.

एवढ्यावर मी खूष होऊन घरी गेले असते. पण त्याच मिस्सेत मार्कच्या पहिल्या अध्यायातलं शुभवर्तमान होतं. कुष्ठरोगी येशूपुढं गुडघे टेकतो, येशू हात पुढं करून त्याला स्पर्श करतो, तो बरा होतो. हे मला पाठ होतं, आणि यावरच माझा राग होता. त्या दिवशी मात्र कान टवकारलेले असल्यानं मी शेवटची ओळ ऐकली. एरवी तिथवर आपलं लक्ष टिकत नाही. बरा झालेला माणूस गावभर सांगत सुटतो, आणि त्यामुळं येशूला उघडपणे गावात शिरता येईना. तो बाहेर ओसाड जागी राहिला.

बरा झालेला गावात गेला. बरं करणारा गावाबाहेर राहिला. म्हणजे लेवीयांनी आखून दिलेली जी जागा त्या माणसाची होती, ती आता येशूची झाली. दोघांनी जागांची अदलाबदल केली होती, आणि इतके रविवार ते माझ्या कानांवरून गेलं होतं.

त्यानंतर मी शुभवर्तमानं वेगळ्या कुतूहलानं वाचू लागले: बरे झालेले पुढं कुठं गेले? बहुतेकांचा पत्ता नाही. दहा कुष्ठरोग्यांतले नऊ तर आभार मानायलाही फिरकत नाहीत. वाळलेल्या हाताचा माणूस, बेथेस्दाच्या तळ्याकाठचा पांगळा, सगळे बरे होतात आणि गोष्टीतून निघून जातात. आणि जे बरे होत नाहीत? याकोब रात्रभर देवाशी झुंजतो आणि सकाळी लंगडत निघतो. त्याचं लंगडणं कुणी दुरुस्त करत नाही, आणि त्याच्यापासूनच इस्राएलचं नाव चालतं. पौल शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवतो. काटा राहतो, आणि पौलाची पत्रं आपण आजही बहुतेक रविवारी वाचतो. खुद्द येशू मेलेल्यांतून उठतो तेव्हा त्याच्या हातांतल्या खिळ्यांच्या खुणा तशाच असतात, आणि थोमा त्याला ओळखतो तो त्या खुणांवरून. मरणाला हरवणाऱ्याला त्या मिटवता आल्या नसत्या असं नाही. माझी जागा मी बऱ्या झालेल्यांच्या यादीत शोधत होते. ती दुसऱ्याच यादीत होती, आणि ती यादी लहान असली तरी तिच्यातली माणसं गोष्टीच्या शेवटापर्यंत टिकलेली होती.

आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया याच यादीतला. वडील पोर्तुगीज, आई इथली. जन्म १५५७ च्या सुमाराचा. जपानात जेझुइटांबरोबर राबला, पण त्यांच्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. मनिलाला जाऊन तो फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्याला इतर पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारलं, आणि १८६२ साली तो भारतात जन्मलेला पहिला संत ठरला. एवढं आम्हां सगळ्यांना शाळेपासून ठाऊक. पण त्याच्यासकट बहुतेकांच्या डाव्या कानांचा तुकडा क्योतोत आधीच छाटला होता आणि तशा अवस्थेत त्यांची गावोगाव धिंड काढत त्यांना थंडीतून नागासाकीपर्यंत चालवत नेलं होतं, हे मी फार उशिरा वाचलं. मी लहानपणापासून पाहत आलेल्या त्याच्या चित्रांत दोन्ही कान शाबूत आहेत. आम्ही आमच्या संतालाही नीटनेटका करून ठेवला आहे. त्याचा सण आला की माझी नजर आधी त्याच्या डाव्या कानाकडे जाते.

हल्ली मिस्सा संपल्यावर एखादी आई लेकराचा हात माझ्यापुढं धरते. पेरावर फिकट ठिपका असतो. मी आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगते. उपचार पूर्वीपेक्षा बरे आहेत. वेळेवर सुरू केले तर बऱ्याच मुलांचा रंग परत येतो, चेहऱ्यावरचा तर विशेष. प्रार्थना करा, मोतमाउलीला न्या, पण माइकसमोर उभं करू नका आणि हातमोजे शिवू नका, एवढं बजावते. "देव बरं करेल ना हो?" असं विचारलं तर मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. पौलानं तीनदाच मागितलं. मी त्याच्याहून चिवट आहे. रात्री मलम लावताना अजून मागते. फरक एवढाच की लहानपणी देवाशी माझं सगळं बोलणं या एकाच विषयावर चालायचं आणि तो विषय संपला की आम्ही दोघंही गप्प. आता बोलायला पुष्कळ आहे: लोकलची गर्दी, आईचे गुडघे, बुजवली जाणारी तळी, तोडल्या जाणाऱ्या केळीच्या वाड्या. त्यांतलं बरंचसं माझ्या कातडीपेक्षा निकडीचं आहे, असं मी त्याला सांगून ठेवलं आहे. त्याला काय वाटतं ते तो त्याच्या सवडीनं सांगेल.